घरच्या सोलरला बॅटरी जोडावी का? कोकणातल्या घरासाठी सल्ला हवाय

सड्यावरचा

नमस्कार मंडळी. दापोली तालुक्यात आमचं घर आहे, आई-बाबा दोघंच तिथे राहतात, मी नोकरीसाठी ठाण्यात. प्रधानमंत्री सूर्यघर योजनेतून ३ किलोवॅटचं सोलर बसवायचं ठरलंय, ७८ हजार सबसिडी आहे, इथपर्यंत सगळं क्लिअर आहे. अडलंय ते बॅटरीवर. एक व्हेंडर म्हणतो साधा ऑनग्रिड (लाइटच्या लाइनला जोडून चालणारा) इन्व्हर्टर घ्या, बॅटरीच्या भानगडीत पडू नका. दुसरा म्हणतो हायब्रिड (लाइन आणि बॅटरी दोन्हीवर चालणारा) घ्या, १० युनिटची लिथियम बॅटरी लावा आणि बिल विसरून जा. दोघांच्या कोटेशनमध्ये लाख-दीड लाखाचा फरक.

आमच्याकडे पावसाळ्यात लाइट जाते म्हणजे नुसती तासभर नाही जात. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा खांब आडवे झाले, तारा रस्त्यावर, आणि वाडीत लाइट यायला कितीतरी आठवडे गेले. पंप बंद म्हणून विहिरीचं पाणी दोरीने शेंदायचं, फोन गाडीत बसून चार्ज करायचा. आता बाबांचं इन्सुलिन फ्रिजमध्ये असतं, त्यामुळे मला फक्त बिलाचा विचार करून चालणार नाही. ज्यांनी बसवलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

अनघा_नाशिक

आमच्याकडे ३ किलोवॅट ऑनग्रिड, बॅटरी नाही. बिलाच्या बाबतीत एकदम समाधानी, वर्षाचे बहुतेक महिने फक्त स्थिर आकार वगैरे येतो. पण एक गोष्ट लोकांना कोणी आधी सांगतच नाही म्हणून इथे लिहिते, लाइट गेली की ऑनग्रिड सोलर पण बंद पडतं. भर दुपारी बारा वाजता डोक्यावर ऊन, गच्चीवर सहा पॅनल, आणि घरात पंखा बंद. सासूबाईंना हे पटवून द्यायला मला फार वेळ लागला, त्यांचं म्हणणं मग एवढा खर्च कशाला केला. नाशिक शहरात लाइट फार जात नाही म्हणून आमचं निभावतं, दापोलीत निभणार नाही.

फेज_न्यूट्रल

अनघाताईंनी बरोबर लिहिलंय. मी सांगलीकडे इलेक्ट्रिकलची कामं घेतो, सोलर पण करतो, त्यामुळे जरा लांबण लावतो.

ऑनग्रिड इन्व्हर्टर लाइट गेल्यावर बंद होतो तो वायरमनच्या जिवासाठी. तो डीपी बंद करून खांबावर चढलाय, लाइन मेली असं धरून हात घालतोय, आणि तुमच्या छपरावरून करंट उलटा लाइनवर आला तर माणूस जाईल. म्हणून ग्रीडचं व्होल्टेज दिसेनासं झालं की इन्व्हर्टरने स्वतःला तोडून घ्यायचं असा नियमच आहे आणि तो योग्य आहे. बॅटरीवाली सिस्टिमसुद्धा नेट मीटरिंगला (ग्रीडला दिलेली युनिटं घेतलेल्यांतून वळती करायची पद्धत) चालते, फक्त लाइट नसताना घराचा बॅकअपचा भाग ग्रीडपासून पूर्ण तुटलेला पाहिजे. हायब्रिड इन्व्हर्टर हेच काम आतल्या रिलेने (आपोआप चालणाऱ्या स्विचने) करतो, दहा-वीस मिलिसेकंदात, कॉम्प्युटरसुद्धा रिस्टार्ट होत नाही.

आता मुद्द्याचं. "बॅटरी लावा, बिल विसरा" म्हणणाऱ्याला एकच विचारा की नेट मीटरिंग असताना बॅटरी बिल कसं कमी करते ते कागदावर मांडून दाखव. तुम्ही दुपारी एक युनिट ग्रीडला दिलं की रात्री एक युनिट वळतं होऊन मिळतं. तेच युनिट बॅटरीत टाकून रात्री काढलं तर चार्जिंग, डिस्चार्जिंग आणि इन्व्हर्टर मिळून दहा टक्क्यांच्या आसपास वाटेत जातं. म्हणजे घरगुती नेट मीटरिंगमध्ये रोज बॅटरी फिरवून बिल वाचत नाही, उलट थोडं वाढतं, वर बॅटरीचं आयुष्य झिजतं ते वेगळंच. आणि योजनेची सबसिडी पॅनलच्या किलोवॅटवर आहे, पहिल्या दोन किलोवॅटला ३० हजार प्रत्येकी, तिसऱ्याला १८ हजार, बॅटरीला त्यातून एक रुपया नाही.

कोकणाला तर नेट मीटरिंग जास्तच फायद्याचं. हिशोब एप्रिल ते मार्च असा चालतो. एप्रिल-मे मध्ये कडक ऊन, तेव्हा जमा झालेली युनिटं जून-जुलैच्या अंधाऱ्या दिवसांत वापरायची. मे महिन्याचं ऊन जुलैसाठी साठवेल अशी बॅटरी कुठल्याच घरात परवडणार नाही, ते काम ग्रीडच करणार. ३१ मार्चला जी युनिटं शिल्लक राहतील त्यांचे मात्र कमी दराने पैसे मिळतात, म्हणून गरजेपेक्षा फार मोठं सोलर पण नको.

मग बॅटरी कशाला? लाइट नसताना घर चालायला. बस. तेवढ्यासाठी ती घ्यायची आणि तेवढ्याच मापाची घ्यायची.

सड्यावरचा

धन्यवाद, हे असं कोणी समजावून सांगितलं नव्हतं. मग माप कसं काढायचं? फ्रिज पाहिजेच, पंखे, लाइट, इंटरनेट, आणि विहिरीवरचा १ एचपीचा पंप.

फेज_न्यूट्रल

पंप सोडून आधी रात्रीचं बघू. दोन दारांचा साधारण फ्रिज दिवसाला एक युनिट धरा, पावसाळ्यात थोडं कमीच. पंखे बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) असतील तर ३० वॅटचे, जुने असतील तर ७५ वॅट, म्हणजे तीन पंखे रात्रभर चालले तर बीएलडीसीला एक युनिटच्या आत आणि जुन्यांना सव्वादोन. बॅटरीचे पैसे वाढवण्याआधी पंखे बदला, यापेक्षा स्वस्त बॅटरी बाजारात नाही. एलईडी, राउटर, टीव्ही, फोन मिळून अर्धं-पाऊण युनिट. संध्याकाळी सहा ते सकाळी आठ एवढ्या वेळात, बीएलडीसी पंखे धरले तर, तुमचं काम अडीच युनिटच्या आत भागतं.

५१.२ व्होल्ट १०० एएच (अँपिअर-तास) ची लिथियम बॅटरी म्हणजे ५.१२ युनिट. त्यातलं नव्वद टक्के वापरायचं आणि इन्व्हर्टरचा लॉस काढला की चार युनिट हातात येतात. म्हणजे रात्र निघते आणि वर दीड युनिट उरतं. १० युनिटची गरजच नाही.

आता लोक इथे अडतात की आठवडाभर लाइट नसली तर ५ युनिटने काय होणार. अहो, हायब्रिडमध्ये बॅटरी आहे म्हणून लाइट नसतानाही पॅनल चालू राहतात. ऑनग्रिडला ग्रीड दिसावं लागतं, इथे बॅटरीच्या जोरावर इन्व्हर्टर स्वतःच घरापुरतं ग्रीड तयार करतो. ३ किलोवॅटचं सोलर चांगल्या दिवशी बारा युनिट देतं, भर पावसात ढग दाटले तरी तीन-चार युनिट बहुतेक दिवशी येतात. रोज तेवढी भर पडली तर फ्रिज आणि पंखे किती का दिवस होईना चालत राहतील. मोठी बॅटरी आणि पॅनल नाही यापेक्षा लहान बॅटरी आणि पॅनल कधीही भारी.

पंप दिवसा चालवायचा, अकरा ते दोन, पॅनल देत असताना. १ एचपी म्हणजे पाऊण किलोवॅट पण सुरू होताना तिप्पट-चौपट झटका घेतो, त्यासाठी इन्व्हर्टर ५ किलोवॅटचा घ्या, ३ चा घेतला तर पंप सुरू करताना ट्रिप मारेल. टाकी मोठी करा, पाणी वर चढवून ठेवलं की तीसुद्धा साठवणच.

माळावरचा

मी लातूरचा. सगळे लिथियम लिथियम करतायत म्हणून लिहितो, आमच्याकडे ४ ट्युब्युलर (पाणी टाकायच्या लेड ॲसिड) बॅटऱ्या १५० एएच च्या, ४८ व्होल्टची बँक, शेतावरच्या घराला. गावातला बॅटरीवाला येऊन बघतो, डिस्टिल्ड वॉटर टाकतो, एखादी गेली तर एकच बदलता येते आणि जुनी देताना भंगाराचे बऱ्यापैकी पैसे येतात. लिथियमची बीएमएस (बॅटरी सांभाळणारं आतलं सर्किट) उडाली तर दापोलीत कोण दुरुस्त करणार? पुण्या-मुंबईला पाठवायची आणि तोवर आई-बाबांनी अंधारात बसायचं? खेड्यात दुरुस्त होईल तीच वस्तू घ्यावी असं माझं प्रामाणिक मत आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये लेड ॲसिडवरचा जीएसटीसुद्धा २८ चा १८ टक्के झालाय.

रसायनवाला

माळावरचा यांचा सर्व्हिसचा मुद्दा शंभर टक्के मान्य, तो धागाकर्त्याने सोडू नये. पण कोकणातल्या पावसाळ्यासाठी मी ट्युब्युलर सुचवणार नाही आणि कारण किंमत किंवा आयुष्य हे नाहीये, चार्जिंग हे आहे.

लेड ॲसिड हळू खाते. १५० एएच च्या बॅटरीला साधारण १५ अँपिअरने चार्ज करायचं असतं, म्हणजे पूर्ण भरायला दहा-बारा तास, आणि शेवटचे वीस टक्के तर रेंगाळत रेंगाळत जातात. लातूरला उन्हाळ्यात ठीक आहे. दापोलीत जुलैमध्ये दोन तास उघडीप मिळाली तर तेवढ्यात ती भरत नाही. मग अर्धवट भरलेली तशीच राहते, प्लेटवर सल्फेटचे खडे धरतात, आणि असं रोज होत गेलं की दोन पावसाळ्यांत क्षमता घटते. लिथियम आयर्न फॉस्फेटला (एलएफपी, लिथियमचा एक प्रकार) अर्धवट राहिल्याने काही होत नाही, उलट बरंच असतं, आणि ती ५० अँपिअरने सुद्धा आरामात चार्ज होते. उघडीप आली की गपागप भरून घेते. शिवाय लेड ॲसिड निम्मीच वापरायची, म्हणजे तुमची ७.२ युनिटची बँक प्रत्यक्षात साडेतीनच्या आसपास.

सायकलचा (एकदा भरून रिकामी होणं म्हणजे एक सायकल) हिशोब करायचा तर ट्युब्युलरला हजार-दीड हजार, एलएफपीला चार हजारांच्या वर. पण बॅकअपला रोज सायकल होतच नाही त्यामुळे यावर फार अडू नका.

स्फोटाची भीती पण बऱ्याच जणांना असते. स्कूटरच्या आगीचे व्हिडिओ फिरतात त्यातल्या बऱ्याच बॅटऱ्या एनएमसी म्हणजे निकेल-मँगनीज-कोबाल्टच्या असतात. एलएफपीमध्ये ऑक्सिजन फॉस्फरसशी घट्ट बांधलेला असतो, गरम झालं तरी सहजी सुटत नाही, म्हणून आग पसरायची शक्यता बरीच कमी. हे मटेरियल कॅथोड (बॅटरीचं धन टोक) म्हणून १९९७ साली टेक्सास विद्यापीठातल्या जॉन गुडइनफ यांच्या गटाने मांडलं आणि त्या शोधनिबंधावर पहिलं नाव अक्षय पाढी यांचं आणि दुसरं नंजुंडस्वामी यांचं आहे, हे आपल्याकडे फारसं कोणाला माहीत नसतं म्हणून मुद्दाम लिहितोय. गुडइनफना पुढे २०१९ ला नोबेल मिळालं.

जुन्या ईव्हीचे सेल जोडून स्वस्तात पॅक बनवून देणारे फिरतायत त्यांच्याकडून मात्र घेऊ नका. आई-बाबा एकटे राहतात त्या घरात तर नकोच.

अनघा_नाशिक

रसायनवाला, मस्त प्रतिसाद. एक शंका, बॅटरी ठेवायची कुठे? आमच्या ओळखीत एकांनी जिन्याखाली ठेवलीय.

फेज_न्यूट्रल

जिन्याखाली नको, आणीबाणीत बाहेर पडायची वाट तीच असते. झोपायच्या खोलीत नको. गच्चीवर पत्र्याच्या शेडमध्येही नको, मे महिन्यात तिथे ४५ च्या वर जातं आणि उष्णता हाच लिथियमचा खरा शत्रू. पडवीत आतल्या भिंतीवर, ऊन आणि पावसाची झड लागणार नाही अशा जागी, जमिनीपासून दोन-तीन फूट वर. दापोलीला खारा वारा आहे त्यामुळे टर्मिनलवर पेट्रोलियम जेली लावा आणि दरवर्षी पावसाळ्याआधी लग (केबलच्या टोकाला बसवलेले धातूचे कान) टाइट आहेत का बघा. ४८ व्होल्टवर ५ किलोवॅट ओढलं तर शंभर अँपिअरच्या वर करंट जातो, लग किंचित ढिला असला तरी तिथे वितळायला लागतं. लग हातोडीने ठोकून बसवणारा दिसला तर काम थांबवा, हायड्रॉलिक क्रिंपिंग मशीन लागतं. फ्यूज डीसीचाच पाहिजे, एसीचा एमसीबी डीसीला लावणारे लोक मी बघितलेत.

आता वायरिंगचं सांगतो कारण निम्म्या तक्रारी इथूनच येतात. हायब्रिडला दोन आउटपुट असतात, एक ग्रीडकडे आणि एक बॅकअप. फ्रिज, पंखे, लाइट हे बॅकअपच्या वेगळ्या डीबीवर (डिस्ट्रिब्युशन बोर्डवर) घ्यायचे. गावच्या जुन्या घरात एकच न्यूट्रल सगळीकडे फिरवलेला असतो. इलेक्ट्रिशियन फेज तेवढे काढून बॅकअपला देतो आणि न्यूट्रल जुन्याच पट्टीवर ठेवतो, मग आरसीसीबी (करंट गळला की पडणारा सेफ्टी स्विच) सारखा पडतो, आणि शेवटी वैतागून कोणीतरी आरसीसीबीच बायपास करून देतो. असं अजिबात करू द्यायचं नाही. बॅकअपच्या सर्किटचे न्यूट्रल वेगळे ओढायला लावा, एक दिवसाचं काम वाढेल, वाढू दे.

दुसरं, लाइट गेल्यावर इन्व्हर्टर ग्रीडपासून तुटतो तेव्हा न्यूट्रलचा अर्थशी संबंध पण तुटतो. मग टेस्टर लावला तर सॉकेटच्या दोन्ही भोकांत उजेड दिसतो. आणि मुख्य म्हणजे फ्रिजच्या बॉडीत करंट उतरला तरी आरसीसीबी पडत नाही कारण करंटला परतीचा रस्ताच नाही. चांगल्या हायब्रिडमध्ये बॅकअप मोडमध्ये न्यूट्रल-अर्थ जोडणारा रिले असतो, काहींमध्ये सेटिंग चालू करावं लागतं, काहींना बाहेरून लावावा लागतो. काम झाल्यावर मेन स्विच पाडा आणि बॅकअपच्या सॉकेटवर मल्टिमीटरने न्यूट्रल आणि अर्थमध्ये किती व्होल्ट येतात ते मोजायला लावा. शून्याच्या आसपास पाहिजे. शंभर-सव्वाशे दाखवत असेल तर पैसे द्यायचे नाहीत. आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबून "बघा पडतो" असं दाखवतील, ते ग्राह्य धरू नका, ते बटण फेज-न्यूट्रलमधूनच चालतं, अर्थ नसला तरी पडतं.

मेलबर्नची_मैना

इथल्या अनुभवावरून थोडं वेगळं मत मांडते. व्हिक्टोरियात (ऑस्ट्रेलियातलं राज्य) सुरुवातीला ज्यांनी सोलर लावलं त्यांना ग्रीडला दिलेल्या युनिटमागे ६० सेंट मिळायचे, ती योजना नव्या लोकांना २०११ मध्ये बंद झाली आणि जुन्यांची २०२४ मध्ये संपली. नंतर किमान दर घसरत घसरत २०२४-२५ ला ३.३ सेंटवर आला, आणि जुलै २०२५ पासून किमान दराचं बंधनच काढून टाकलं. संध्याकाळी तेच युनिट विकत घ्यायला त्याच्या कितीतरी पट पैसे. त्यामुळे इथे बॅटरी म्हणजे सरळ बिलाचा विषय झालाय, १ जुलै २०२५ पासून केंद्र सरकारने बॅटरीवर साधारण तीस टक्के सूट चालू केल्यावर तर शेजारीपाजारी सगळे बसवायला लागले.

कॅलिफोर्नियातही एप्रिल २०२३ नंतरच्या ग्राहकांना ग्रीडला दिलेल्या युनिटचा भाव खूप कमी केला आणि तिथेही बॅटऱ्या वाढल्या. सांगायचा मुद्दा, आज महाराष्ट्रात युनिटला युनिट मिळतंय ते चांगलंच आहे पण वीस-पंचवीस वर्षं पॅनल चालणार, तेवढा काळ नियम असाच राहील असं धरू नका. मग मोठी बॅटरी आत्ताच का नको?

फेज_न्यूट्रल

मैनाताई, नियम बदलू शकतो हे बरोबर. पण म्हणून आज १० युनिटची बॅटरी घेऊन ती पाच वर्षं नुसती भिंतीवर जुनी होऊ द्यायची हे मला पटत नाही. सेल वापरा न वापरा, वयाने उतरतातच, आणि भाव तर खाली येतायत. इन्व्हर्टर हायब्रिड घ्या, बॅटरी ५ युनिटची घ्या, आणि नंतर तशीच दुसरी समांतर जोडता येईल असं मॉडेल बघा. एक काळजी घ्या, बॅटरी आणि इन्व्हर्टर एकमेकांशी कॅन किंवा आरएस ४८५ केबलने बोलतात, दोघांच्या यादीत एकमेकांचं नाव आहे का ते आधी बघा. बोलणं जमलं नाही तर इन्व्हर्टर नुसत्या व्होल्टेजवरून अंदाज बांधतो आणि एलएफपीचं व्होल्टेज २० टक्क्यांपासून ९० पर्यंत जवळपास सपाट असतं, त्यामुळे स्क्रीनवर ६० टक्के दिसताना बॅटरी अचानक बंद पडते.

माळावरचा

हे वाचून लिथियमबद्दलचं माझं मत थोडं बदललं, पण सर्व्हिसचं काय ते अजून कोणी बोललं नाही.

सड्यावरचा

माळावरचा, तुमचा प्रतिसाद वाचून मी आज व्हेंडरला तेच विचारलं. चिपळूणला त्यांचा माणूस आहे, बॅटरी गेली तर बदली बॅटरी किती दिवसांत देणार ते कोटेशनवर लिहून द्या म्हटलं, आधी कां कू केलं मग सात दिवस लिहून द्यायला तयार झाले. वॉरंटीत वर्षं किती यापेक्षा दहा वर्षांनी किती टक्के क्षमता राहील ते पण लिहून मागितलंय.

एक विचारायचं राहिलं, रोजचं सेटिंग काय ठेवू? व्हेंडर म्हणतो सोलर-बॅटरी-ग्रीड असा क्रम ठेवा.

फेज_न्यूट्रल

नको. तो क्रम ठेवला तर रोज रात्री बॅटरी खाली होणार, आणि वादळ नेमकं पहाटे चारला आलं तर हातात काही नाही. सोलर, मग ग्रीड, आणि बॅटरी फक्त लाइट गेल्यावर, असं ठेवा. बॅकअपसाठी राखीव ८० टक्के तरी. महिन्यातून एकदा शंभर टक्के भरू द्या म्हणजे बीएमएसचा हिशोब जुळतो. पावसाळ्यात वादळाचा इशारा आला की ॲपवरून तुम्ही ठाण्यातून पण शंभर करू शकता, ग्रीडवरून भरून घेईल.

आणि पॅनलचा स्ट्रक्चर, किनाऱ्याजवळ मचाण उंच उभं करू नका, वारा खालून शिरतो. छपराला जितकं लगटून बसेल तेवढं बरं, नटबोल्ट स्टेनलेसचे.

तिसरा_मजला

जरा विषयांतर. मी पुण्यात फ्लॅटमध्ये, गच्ची सोसायटीची, सोलर शक्य नाही. पण स्मार्ट मीटर लागलाय आणि जुलै २०२५ पासून घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ च्या वापरावर युनिटला ८० पैसे सूट सुरू झाली. दिवसा बॅटरी भरून रात्री वापरली तर परवडेल का?

रसायनवाला

नाही परवडणार. रोज चार युनिट फिरवली तर ८० पैशांनी तीन रुपये वीस पैसे, वर्षाला बाराशेच्या आत, आणि त्यातूनही दहा टक्के लॉस जाणार. पाच युनिटची बॅटरी लाखाच्या आसपास जाते. वॉशिंग मशीन, इस्त्री, गिझर दुपारकडे सरकवा, तेवढीच सूट फुकटात मिळते.

तिसरा_मजला

ओके. मग घरात जुना इन्व्हर्टर आहे त्याची ट्युब्युलर आता गेलीच आहे, तिच्या जागी १२ व्होल्टची लिथियम टाकली तर?

फेज_न्यूट्रल

इन्व्हर्टरला लिथियमचा मोड असेल तरच. लेड ॲसिडचा चार्जर मधून मधून १५ व्होल्टच्या आसपास नेऊन बॅटरी उकळवतो, लिथियमची बीएमएस ते बघून सरळ कट मारते आणि घरात अंधार होतो. मॉडेल नंबर इथे टाका, बघून सांगतो.